हाडासाठी सच्छिद्र स्कॅफोल्ड: खड्डा मोजण्यापासून पेशींच्या चाचणीपर्यंत

प्रकल्पासाठी आलेल्या विद्यार्थ्याचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा ठरलेला असतो: "कायटोसान घेऊ की पीसीएल?" (दोन्ही स्कॅफोल्डसाठी वापरली जाणारी पॉलिमर.) त्यावर माझा उलट प्रश्न असतो, "हाडात खड्डा कुठे आहे?" स्कॅफोल्ड म्हणजे हाड भरून येईपर्यंत पेशींना राहायला दिलेली तात्पुरती जागा. ती जागा कुठे उभी राहणार, तिच्यावर किती वजन येणार आणि ती किती दिवस टिकायला हवी, हे ठरल्याशिवाय साहित्याच्या बाटलीला हात लावू नये.

या लेखात मी एकच उदाहरण शेवटपर्यंत नेणार आहे. जबड्यातली गाठ काढल्यावर उरलेली पोकळी भरायची आहे, आणि त्यासाठी कायटोसान, जिलेटिन आणि हायड्रॉक्सिॲपटाइट (हाडातलं कॅल्शियम फॉस्फेट खनिज) यांचं संमिश्र गोठवून, वाळवून तयार करायचं आहे. या पद्धतीला महागडा थ्रीडी प्रिंटर लागत नाही. फ्रीझ-ड्रायर (गोठलेलं पाणी निर्वातात उडवणारं यंत्र), पीएच मीटर, चांगला ढवळक आणि चिकाटी असली की काम होतं.

आधी खड्डा, मग साहित्य

जबड्यातल्या अशा पोकळीला बहुतेक बाजूंनी हाडाच्या भिंती असतात, म्हणून भार त्या भिंती घेतात आणि आत ठेवलेल्या तुकड्यावर फारसा दाब येत नाही. मांडीच्या हाडात ३ सेंटीमीटरची फट असेल तर गोष्ट वेगळी. तिथे पुढची कृती वापरू नका, कारण गोठवून वाळवलेला पॉलिमरचा तुकडा तो भार कधीच पेलणार नाही.

तुलनेसाठी निसर्गाचे आकडे समोर ठेवा. बाहेरच्या घट्ट हाडाची दाब सहन करण्याची ताकद साधारण १०० ते २३० मेगापास्कल असते. आतल्या जाळीदार हाडाची ताकद २ ते १२ मेगापास्कल आणि सच्छिद्रता ५० ते ९० टक्के. आपला ओला तुकडा मेगापास्कलमध्ये नाही, त्याच्या हजाराव्या भागात, म्हणजे किलोपास्कलमध्ये मोजला जाईल. हे पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवा, म्हणजे प्रबंधाच्या शेवटी "नैसर्गिक हाडाइतकी ताकद" असं लिहिण्याचा मोह होणार नाही.

आता या पोकळीच्या मागण्या. तुकड्याने रक्त झटकन शोषून घ्यावं. शस्त्रक्रिया करणाऱ्याला तो कात्रीने कापता यावा. ओला झाल्यावर तो लगद्यासारखा बसू नये. आणि काही महिन्यांत, नवं हाड येईल त्या बेताने, त्याने जागा सोडावी. फार लवकर विरघळला तर पोकळीत मऊ तंतुमय ऊती घुसते, फार टिकला तर हाडाचीच वाट अडते.

छिद्र किती मोठं, आणि दार किती मोठं

१९७० मध्ये हलबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅल्शियम ॲल्युमिनेटच्या सच्छिद्र गोळ्या कुत्र्यांच्या मांडीच्या हाडात बसवून पाहिल्या. ७५ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान छिद्रांत फक्त तंतुमय ऊती आली. ७५ ते १०० मायक्रॉनच्या छिद्रांत हाडाचा कच्चा, खनिज न भरलेला पाया आला. १०० मायक्रॉनच्या वर मात्र खरं हाड आत शिरलं. "किमान १०० मायक्रॉन" हा नियम तिथून रूढ झाला. पुढच्या कामांतून रक्तवाहिन्या नीट आत याव्यात म्हणून ३०० मायक्रॉन किंवा त्याहून मोठी छिद्रं बरी, असं मत पक्कं होत गेलं.

पण छिद्राच्या सरासरी आकारावर सगळे बोलतात आणि दोन छिद्रांमधल्या दारावर कुणी बोलत नाही, याची मला खरंच खंत वाटते. ४०० मायक्रॉनची खोली असेल आणि तिचं दार २० मायक्रॉनचं, तर पेशी कशीबशी आत जाईल, पण रक्तवाहिनी तिथेच थांबेल. रक्तवाहिनीपासून १०० ते २०० मायक्रॉनच्या पुढे पेशीला पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही. म्हणजे दारं बंद असली की आतल्या सगळ्या खोल्या ओसाड राहतात, मग सच्छिद्रता ९० टक्के भरो की ९५. आराखड्यात तीन आकडे वेगवेगळे लिहा: एकूण सच्छिद्रता, छिद्राचा व्यास आणि दाराचा व्यास. आपल्या उदाहरणासाठी मी सुमारे ९० टक्के, १५० ते ३०० मायक्रॉन आणि किमान ५० मायक्रॉन, असं लक्ष्य धरते.

मिश्रणाचं गणित

संमिश्रात खनिज किती, हे आपण वजनात मोजतो, पण तुकड्याचं वागणं आकारमानावर ठरतं. पॉलिमरची, म्हणजे कायटोसान आणि जिलेटिनची, घनता साधारण १.४ आणि हायड्रॉक्सिॲपटाइटची ३.१६ ग्रॅम प्रति घनसेंटीमीटर. वजनाने निम्मं-निम्मं घेतलं तर खनिज आकारमानाने फक्त ३१ टक्के भरतं. वजनाने ७० टक्के घेतलं तर ते जवळपास ५१ टक्क्यांवर जातं. अर्ध्याहून अधिक जागा भुकटीने व्यापली की कणांना बांधून ठेवणारं पॉलिमर अपुरं पडतं. असा तुकडा बोटात धरला की खडूसारखी पूड सुटते. जबड्याच्या पोकळीसाठी निम्मं-निम्मं हे प्रमाण मला सगळ्यात भरवशाचं वाटतं.

आता पाण्यात किती घन पदार्थ घ्यायचा ते पाहू. अनेक विद्यार्थी १ ग्रॅम कायटोसान, १ ग्रॅम जिलेटिन आणि २ ग्रॅम खनिज १०० मिलिलिटरमध्ये घेतात. सगळे घन पदार्थ मिळून आकारमान होतं सुमारे २ घनसेंटीमीटर. म्हणजे सच्छिद्रता ९८ टक्के, आणि हातात येतो कापसाचा बोळा. त्याऐवजी २ ग्रॅम कायटोसान, ६ ग्रॅम जिलेटिन आणि ८ ग्रॅम खनिज घ्या. घन पदार्थांचं आकारमान ८.२५ घनसेंटीमीटर, सच्छिद्रता सुमारे ९२ टक्के. वाळताना आणि धुताना तुकडा थोडा आकसतो, त्यामुळे ती ९० च्या आसपास येऊन थांबते.

हा फरक दिसतो त्याहून मोठा आहे. मोकळ्या छिद्रांच्या फेसाचा ताठरपणा त्याच्या सापेक्ष घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. घन भाग २ टक्क्यांवरून ७.६ टक्क्यांवर गेला म्हणजे ३.८ पट झाला, तर ताठरपणा जवळपास १४ पट. नुसत्या पाण्याच्या प्रमाणात केलेल्या बदलाने हे साधतं.

जिलेटिन कोणत्या प्राण्याचं, हेही आत्ताच ठरवा. ते गाईचं, डुकराचं किंवा माशाचं असू शकतं, आणि आपल्याकडे रुग्णाला ते सांगावंच लागेल. माशाचं जिलेटिन घेतलं तर ते कमी तापमानाला घट्ट होतं, त्याचा परिणाम पुढच्या कृतीवर होतो. कायटोसान बहुधा कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून येतं, म्हणून ॲलर्जीची नोंदही हवी.

खनिज घरचं करायचं असेल तर

१० ग्रॅम हायड्रॉक्सिॲपटाइटसाठी ७.३७ ग्रॅम कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि ८५ टक्क्यांचं फॉस्फोरिक आम्ल ६.८९ ग्रॅम, म्हणजे सुमारे ४.१ मिलिलिटर, लागतं. यात कॅल्शियम आणि फॉस्फरसचं गुणोत्तर १.६७ बसतं. कॅल्शियम हायड्रॉक्साइड पाण्यात कालवून ढवळत ठेवा, आम्ल भरपूर पातळ करून थेंब-थेंब सोडा, दीड-दोन तास लागू द्या. अमोनिया घालत पीएच ९ च्या खाली जाऊ देऊ नका. मग २४ तास ढवळत ठेवून पीएच ७ च्या जवळ येईपर्यंत धुवा.

इथे दोन ठिकाणी हात भाजतात. पहिलं, कॅल्शियम हायड्रॉक्साइडची जुनी, अर्धवट उघडी बाटली. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्यातला काही भाग कार्बोनेट झालेला असतो आणि गुणोत्तर बिघडतं. थोडी भुकटी १००० अंशांना भाजून एक्स-रे विवर्तन (स्फटिक ओळखण्याची तपासणी) करा. त्यात बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट दिसलं तर कॅल्शियम कमी पडलं, कॅल्शियम ऑक्साइड दिसलं तर जास्त झालं. दुसरं, भुकटी पूर्ण वाळवू नका. नॅनो कण एकदा वाळून गुठळी झाले की अल्ट्रासॉनिकनेही नीट सुटत नाहीत. ओला लगदाच झाकून ठेवा, त्यातला थोडा वाळवून घन पदार्थाचं प्रमाण काढा आणि त्या हिशोबाने वजन घ्या. मिश्रणाचं पाणी मोजताना लगद्यातलं पाणी वजा करायला विसरू नका.

लगदा करणं आणि गोठवणं

कायटोसान १ टक्का ॲसिटिक आम्लात रात्रभर ढवळा आणि न विरघळलेले तंतू कापडातून गाळा. जिलेटिन ४० अंशांना वेगळं विरघळवून त्यात मिसळा. खनिज अगदी शेवटी घाला. याचं कारण रसायनात आहे: हायड्रॉक्सिॲपटाइट आम्लात विरघळतं. ते फार वेळ आम्लात राहिलं तर काही भाग ब्रशाइट (वेगळं कॅल्शियम फॉस्फेट) होऊन बसतो, आणि विवर्तनात ११.७ अंशांजवळ अनोळखी शिखर दिसू लागतं. उलट खनिजामुळे पीएच वाढत जाऊन ६.२ च्या पुढे गेला तर कायटोसानच्या गाठी होतात. म्हणून भुकटी घालताना पीएच मीटरवर नजर हवी. ५ ते ६ च्या दरम्यान मिश्रण गुळगुळीत, दाट, पांढऱ्या रंगासारखं दिसतं. पळीवरून ओघळताना कण दिसता कामा नयेत. मग निर्वातात हवेचे बुडबुडे काढा.

साच्यात ओतल्यावर लगेच फ्रीझरमध्ये ठेवू नका. खनिज जड असतं, ते खाली बसतं आणि तुकड्याचा तळ कडक, माथा मऊ होतो. साचा आधी अर्धा-पाऊण तास ४ अंशांना ठेवा. जिलेटिन जेलीसारखं घट्ट होतं आणि कण जिथल्या तिथे अडकतात. या साध्या युक्तीने आमच्या तुकड्यांमधला वरच्या-खालच्या भागाचा फरक जवळजवळ गेला.

आता खरी कारागिरी. आज जिथे बर्फाचा स्फटिक, तिथेच उद्या छिद्र. स्फटिक हळू वाढला तर मोठा होतो, झटकन गोठवला तर बारीक राहतो. द्रव नायट्रोजनमध्ये बुडवलेल्या तुकड्यात छिद्रं १०० मायक्रॉनपेक्षा बरीच लहान येतात. आपल्याला ती नकोत. मिनिटाला १ अंश किंवा त्याहून मंद गतीने उणे १५-२० पर्यंत उतरवा आणि तिथे बारा तास तसंच ठेवा. त्या काळात लहान स्फटिक वितळून मोठ्यांवर बसतात आणि छिद्रं मोठी होतात. फ्रीझरला गती नियंत्रण नसेल तर साचा जाड थर्माकोलच्या डब्यात ठेवून मग आत ठेवा, आणि एका साच्यात तापमापकाची तार सोडून वक्र नोंदवा. त्या वक्राशिवाय पुढच्या वर्षी तोच तुकडा पुन्हा करता येत नाही.

साच्याचा पदार्थही बोलतो. तळ ॲल्युमिनियमचा आणि भिंती टेफ्लॉनच्या असतील तर थंडी खालून वर जाते आणि छिद्रं उभ्या नळ्यांसारखी लागतात. सगळीकडून धातू असेल तर ती बाहेरून मध्याकडे येतात. जबड्यासाठी मी उभ्या नळ्या पसंत करते, कारण रक्त तळातल्या हाडातून वर चढतं.

वाळवणं, आम्ल काढणं, बांधणं

फ्रीझ-ड्रायरमध्ये ०.१ मिलिबारच्या खाली, ५ ते १० मिलिमीटर उंचीच्या तुकड्याला ४८ तास द्या. यंत्राचं दार उघडल्यावर तुकडा थंड लागला तर आत अजून बर्फ आहे.

वाळलेला तुकडा हातात घेताना आनंद होतो, पण तो अजून कच्चा आहे. कायटोसान या क्षणी ॲसिटेट मिठाच्या रूपात आहे आणि पाण्यात पडताच फुगून विरघळतो. आमची सुरुवातीची एक पूर्ण खेप अशीच गेली. बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) टाकल्यावर वीस मिनिटांत तळाशी पांढरी साय उरली, आणि तीन आठवड्यांचं काम पुन्हा करावं लागलं. म्हणून तुकडे आधी ८० टक्के इथेनॉलमध्ये केलेल्या ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये अर्धा तास बुडवा, मग इथेनॉलनेच पीएच ७ होईपर्यंत धुवा. नुसतं पाणी वापरलं तर जिलेटिन निसटतं.

जिलेटिन ३७ अंशांना पाण्यात विरघळतं, म्हणून रासायनिक बंध घालावेच लागतात. ग्लुटाराल्डिहाइड स्वस्त आहे, पण त्याचे अवशेष पेशींना मारतात. मी ते वापरू देत नाही. आम्ही तुकडा ईडीसी आणि एनएचएस या बंध घालणाऱ्या रसायनांच्या (५:२ मोलर प्रमाण), बहुतांश इथेनॉल असलेल्या द्रावणात, थंड जागी रात्रभर ठेवतो. जेनिपिनही उत्तम आहे. त्याने पांढरा तुकडा हळूहळू गर्द निळा होतो आणि बंध तयार होत असल्याचं डोळ्यांना दिसतं. पण तो निळा रंग पुढे रंगावर आधारित पेशी-चाचण्यांत घोटाळा करतो. बंध झाल्यावर भरपूर पाण्याने अनेकदा धुवा आणि पुन्हा गोठवून वाळवा.

तपासणी: आधी शाईचा थेंब

सूक्ष्मदर्शकाआधी एक तपासणी टेबलावरच करा. धारदार नव्या ब्लेडने तुकड्याची वरची आणि खालची पातळ साल काढा, कारण साच्याला आणि हवेला लागलेल्या बाजूंवर बंद पापुद्रा धरतो. जुन्या ब्लेडने कापलंत तर छिद्रं चेपून बंद होतात. तुकडा टिपकागदावर ठेवून वर खाण्याच्या लाल रंगाचा एक थेंब सोडा. दारं उघडी असतील तर थेंब काही सेकंदांत आत जातो आणि कागदावर गोल लाल डाग उमटतो. थेंब मण्यासारखा वरच बसला किंवा डाग एकाच कोपऱ्यात आला, तर गोठवण्याकडे परत जा.

सच्छिद्रता दोन रीतींनी काढा. वजन आणि मापावरून घनता काढून ती घन पदार्थाच्या घनतेशी ताडून पाहिली की एकूण सच्छिद्रता मिळते. आपल्या मिश्रणासाठी घन पदार्थाची घनता १.९४ धरा. इथेनॉल शोषवून काढलेला आकडा फक्त उघड्या छिद्रांचा असतो. दोहोंत मोठा फरक आला तर तितकी छिद्रं बंद आहेत. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्रावर व्यास मोजताना ध्यानात ठेवा, गोल छिद्र कुठेही कापलं जातं, मधोमधच नाही. दिसणारा सरासरी व्यास खऱ्याच्या सुमारे ७९ टक्के असतो. दारांचा खरा हिशोब मायक्रो-सीटीच (बारीक त्रिमितीय एक्स-रे स्कॅन) देतं. जवळच्या संस्थेत ते मिळत असेल तर दोन-तीन नमुन्यांपुरता का होईना खर्च करा.

दाबाची चाचणी ओल्या तुकड्यावर, ३७ अंशांच्या बफरमध्ये २४ तास मुरल्यावरच करा. कोरड्या तुकड्याचा आकडा देखणा असतो आणि शरीरात त्याचा काही उपयोग नसतो. पुन्हा-पुन्हा दाबून तो मूळ उंचीवर येतो का, तेही नोंदवा. शस्त्रक्रियेच्या टेबलावर हाच गुण कामी येतो.

झिजण्याच्या चाचणीत बफरसोबत लायसोझाइम आणि कोलॅजिनेज हे एन्झाइम हवेत, कारण शरीरात कायटोसान आणि जिलेटिन तेच तोडतात. कृत्रिम शरीरद्रव, म्हणजे जपानी शास्त्रज्ञ कोकुबो यांचं ३६.५ अंशांना पीएच ७.४० असलेलं द्रावण, त्यात तुकड्यावर खनिजाचा थर चढतो की नाही, हे पाहण्यासाठी ठीक आहे. पण आपल्या तुकड्यात खनिज आधीच आहे, थर चढणारच. त्यावरून "हाड तयार होईल" असा निष्कर्ष काढू नका.

पेशी

निर्जंतुक कसं करणार, हे पेशींच्या आधी ठरवा. ऑटोक्लेव्हमध्ये जिलेटिन वितळतं, गॅमा किरणांनी साखळ्या तुटतात, इथिलीन ऑक्साइडचे अवशेष निघायला वेळ लागतो आणि ७० टक्के इथेनॉलने जिवाणूंचे बीजाणू मरत नाहीत. जी रीत निवडाल, तिच्यानंतर दाबाची आणि झिजेची चाचणी पुन्हा करा.

पहिली पायरी आयएसओ १०९९३-५ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तुकड्याच्या अर्काची विषारीपणाची चाचणी. जिवंत पेशी ७० टक्क्यांच्या खाली गेल्या तर नमुना विषारी मानला जातो. बहुतेक वेळा कारण अपुरं धुणं असतं. मानवी हाडाच्या पेशींच्या वाणांसाठी पुण्याच्या एनसीसीएसचं (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) पेशी-भांडार महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांना जवळचं आहे. त्यातल्या एमजी-६३ पेशी सोप्या आहेत, पण खनिज नीट साठवत नाहीत. त्यासाठी साओस-२ पेशी बऱ्या.

पेशी सोडण्याआधी तुकडा माध्यमात (पेशींच्या पोषक द्रवात) बुडवून निर्वाताने आतली हवा काढा, नाहीतर पेशी वरच्या छिद्रांत अडकतात. स्थिर माध्यमात ५ मिलिमीटर जाड तुकड्याच्या मध्यभागी पेशी मरतात, तो तुकड्याचा दोष नव्हे. चाचणीसाठी २ मिलिमीटरच्या चकत्या पुरेत. अल्कलाइन फॉस्फेटेज (हाड घडवणाऱ्या पेशींची खूण असलेलं एन्झाइम) ७ आणि १४ व्या दिवशी, खनिज २१ व्या दिवशी पाहा. आणि एक चूक कृपा करून करू नका: ॲलिझरिन रेड हा रंग कॅल्शियमला चिकटतो, मग ते कॅल्शियम पेशींनी आणलेलं असो की तुम्ही घातलेलं. पेशी नसलेला तोच तुकडा त्याच दिवसांसाठी, त्याच माध्यमात ठेवून त्याचा आकडा वजा केल्याशिवाय लालभडक फोटो छापू नका.

प्राण्यांच्या आधी एक जबडा

उंदराच्या कवटीतल्या ८ मिलिमीटर छिद्राचा प्रयोग सुचवण्यासाठी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीकडे अर्ज जातो. तो लिहिण्याआधी खाटकाकडून बोकडाचा जबडा आणा, ड्रिलने त्यात १० मिलिमीटरची पोकळी करा आणि दंतशल्यचिकित्सकाला बोलवा. तुकडा, कात्री आणि सलाइन त्यांच्या हातात द्या आणि शेजारी गप्प उभं राहून पाहा. आमच्याकडे आलेल्या डॉक्टर मॅडमनी तुकडा कापला, ओला केला, पोकळीत दाबला आणि बोट उचललं, तर तुकडा ग्लोव्हला चिकटून बोटाबरोबरच वर आला. तीनदा तसंच झालं. ना सूक्ष्मदर्शकाखाली हे दिसलं होतं, ना दाबाच्या यंत्रावर. त्यांनी सांगितलं, "वरची बाजू जरा कोरडी, घट्ट ठेवा, बाकी मला चालेल." तेव्हापासून आम्ही खालची साल काढतो आणि वरचा पापुद्रा मुद्दाम राखतो. शाईची तपासणी आता तुकडा उलटा धरून, खालच्या बाजूने करतो.